विश्लेषण : ना मालक, ना पगार... तरीही ३२ वर्षे चालणारी ‘डेबियन’ संगणक प्रणाली काय आहे?

‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. नावनोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अद्यतने आणखी वर्षभर मिळतील, त्यानंतर नाहीत. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक बहुतेकदा या चाळणीतून खाली पडतो. नवा घ्यावा की जुन्यावरच दुसरे काही टाकावे, हा प्रश्न घरोघरी, शाळांत, झेरॉक्सच्या दुकानांत पडला आहे. ‘लिनक्स टाका’ हा सल्ला त्यावर हमखास मिळतो. पण लिनक्स नावाचे एकच उत्पादन बाजारात नाही. त्याचे अवतार शेकडो, आणि त्यांतील कितीतरी अवतारांचा पाया एकच : डेबियन. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची १३वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ आली. तिच्यामागे कंपनी नाही, मालक नाही, विक्री विभाग नाही. मग ती बनवते कोण आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा?

डेबियन म्हणजे नेमके काय?

काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स हा फक्त ‘कर्नल’, म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि सॉफ्टवेअर यांच्यामधला गाभा. नुसत्या कर्नलवर पत्र टाइप करता येत नाही की व्हिडीओ पाहता येत नाही. त्यासाठी खिडक्या, कळफलक, ब्राऊझर, फॉन्ट, प्रिंटरचे चालक असे हजारो घटक लागतात, आणि ते जगभरातील वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेले असतात. हे सारे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तपासून एकत्र देणे हे ‘डिस्ट्रिब्युशन’चे काम. डेबियन हे असे डिस्ट्रिब्युशन आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या ‘युनिक्स’ प्रणालीसारखीच तिची रचना आणि वागणूक आहे, म्हणून तिला युनिक्ससदृश म्हणतात. मात्र तिचा गाभा आणि मुख्य साधने युनिक्सचा मूळ कोड न घेता नव्याने लिहिलेली आहेत. तो कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो.

ट्रिक्सीमध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत. त्यांपैकी १४,१०० हून अधिक नवी, तर कालबाह्य ठरलेली ८,८४० हून अधिक काढून टाकलेली. एकूण कोड सुमारे १४६ कोटी ओळींचा. उबुंटू डेबियनवर बेतलेली आहे आणि लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास दिसणाऱ्या ‘रास्पबेरी पाय’ या चिमुकल्या संगणकाची अधिकृत प्रणाली डेबियनचीच. ‘सी-डॅक’ने भारतासाठी तयार केलेली ‘बॉस लिनक्स’ही तिच्यावरच उभी आहे. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील लॅपटॉप विंडोजवरून डेबियनवर नेले गेले, ही या मंडळींनी अनेक वर्षे अभिमानाने सांगितलेली गोष्ट.

सुरुवात कशी झाली?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, तो युनिक्ससारखी पण मुक्त प्रणाली बनवण्यासाठी. त्यात कर्नल तेवढा रखडला. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहून ती जागा भरली. पण हे तुकडे जोडून कुणी नीट प्रणाली देत नव्हते. जे देत होते, त्यांच्या कामात चुका फार. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, अशी दोन नावे जोडून हे नाव झाले.

मर्डॉक यांच्यानंतर ब्रूस पेरेन्स यांनी सूत्रे हाती घेतली. ते ‘पिक्सार’मध्ये नोकरीला होते. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील खेळण्यांची नावे देण्याची प्रथा तेव्हापासूनची. ट्रिक्सी ही त्यातली निळी डायनासोर. कच्च्या, सतत बदलत्या शाखेला मात्र कायम एकच नाव आहे, ‘सिड’. चित्रपटात शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा तो हाच.

मालक नाही, मग निर्णय कोण घेते?

इथेच डेबियन इतर प्रकल्पांहून वेगळी पडते. तिला १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ मिळाला आणि १९९८ मध्ये लेखी घटना. सामाजिक करारातले पहिलेच वचन असे की डेबियन कायम मुक्त राहील. मुक्त म्हणजे काय, याचे निकषही त्याच दस्तऐवजात दिले. पुढे ‘ओपन सोर्स’ या शब्दाची जगन्मान्य व्याख्या याच निकषांवरून तयार झाली.

सुमारे हजार ‘डेव्हलपर’ हे या प्रकल्पाचे मतदार. पैसे देऊन सदस्य होता येत नाही. आधी काही काळ प्रत्यक्ष काम दाखवावे लागते. मग जुन्या डेव्हलपरकडून ओळख पटवून घ्यावी लागते. त्यासाठी सांकेतिक किल्लीवर त्यांची डिजिटल सही लागते आणि ती परंपरेने समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून केली जाते. त्यानंतर तत्त्वे आणि तांत्रिक जाण यांची परीक्षा. २०१० पासून भाषांतर, दस्तऐवज, संयोजन असे काम करणाऱ्यांनाही सदस्यत्व आणि मताधिकार मिळू लागला. पॅकेज बनवणाराच तेवढा खरा कार्यकर्ता, ही समजूत त्यामुळे थोडी सैल झाली.

दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करायची नसते, तर उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो. प्रत्येक उमेदवाराची इतर प्रत्येकाशी एकास एक तुलना होते आणि सर्वांना हरवणारा निवडून येतो. ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्यायही असतोच, आणि त्याच्याकडून हरलेला उमेदवार बाद होतो. आपल्याकडच्या ‘नोटा’ला हे बळ नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये जर्मनीचे आंद्रेयास टिले निवडून आले. दोन्ही वेळा त्यांच्यासमोर केरळच्या श्रुती चंद्रन उमेदवार होत्या. त्याआधी २०२० आणि २०२१ मध्येही त्या उभ्या होत्या.

प्रमुखाकडे अधिकार किती? जवळजवळ नाहीत. कुणाही डेव्हलपरला ‘हे काम कर’ असे सांगण्याची मुभा घटना देत नाही, कारण कुणीच नोकर नाही. एखादा दोष दुरुस्त व्हावा असे सर्वांना वाटते, पण तो हातात घेणारा कुणी नसेल, तर तो तसाच राहतो. डेबियनची संथ गती आणि तिचा टिकाऊपणा या दोन्हींचे मूळ इथे आहे.

वाद मिटतात की फुटतात?

दोन्ही घडते. २०१४ मध्ये संगणक सुरू होताना सर्व सेवा जागवणारा मुख्य कार्यक्रम कोणता असावा, यावर रण माजले. ‘सिस्टिमडी’ हा नवा कार्यक्रम युनिक्सच्या ‘एक साधन, एक काम’ या वळणाविरुद्ध आहे, असा एका गटाचा आक्षेप होता. तांत्रिक समितीत ४-४ अशी बरोबरी झाली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी स्वीकारला गेला. नोव्हेंबरात सर्व सदस्यांचे मतदान झाले. त्यात जिंकलेला पर्याय गमतीचा होता : या विषयावर ठरावाची गरज नाही! नाराजांनी ‘देवुआन’ हे वेगळे डिस्ट्रिब्युशन काढले, जे आजही चालू आहे. मुक्त कोडचा हा फायदाच म्हणायचा. भांडण झाले तर वाडा विकावा लागत नाही; दोघांनाही अख्खा वाडा मिळतो. माणसे मात्र वाटली जातात, आणि इथे तुटवडा माणसांचाच आहे.

२०२२ चा निर्णय सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. अनेक लॅपटॉपच्या वाय-फाय चिपला चालायला उत्पादक कंपनीचे ‘फर्मवेअर’ लागते, आणि ते मुक्त नसते. तत्त्वाला धरून डेबियन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नसे. परिणामी नव्या माणसाने हौसेने डेबियन टाकली की इंटरनेटच चालत नसे, आणि इंटरनेट नाही म्हणून फर्मवेअर उतरवता येत नसे. २०२२ च्या मतदानात सामाजिक करारातच दुरुस्ती करून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरले. २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून ते लागू झाले. तत्त्व सोडले अशी टीका झाली, पण दारातच अडखळणारी मुक्तता फारशा कुणाच्या उपयोगाची नव्हती, हेही खरे.

पगार नाही, तर काम चालते कसे?

देणग्या आणि त्यातून होणारा खर्च ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’सारख्या ना-नफा संस्था सांभाळतात. सर्व्हर, प्रवासखर्च, वार्षिक ‘डेबकॉन्फ’ परिषद यांवर पैसा जातो. कामाचा मोबदला मात्र डेबियन देत नाही. अनेक डेव्हलपर एखाद्या कंपनीत नोकरीला असतात आणि कंपनीलाही डेबियन लागते, म्हणून नोकरीच्या वेळेत काही काम होते. उरलेले रात्री आणि रविवारी.

पगार देण्याचा एक प्रयोग झाला होता. २००६ मध्ये तेव्हाच्या प्रमुखांसह काहींनी ‘डंक-टँक’ नावाने निधी जमवून, आवृत्ती वेळेत यावी म्हणून ती बाहेर काढणाऱ्या दोघांना पूर्णवेळ मोबदला देऊ केला. इतर स्वयंसेवक बिनसले. त्यांना पैसे, मग आम्ही फुकट का राबायचे, असे अनेकांना वाटले आणि काहींनी हात आखडता घेतला. डिसेंबर २००६ साठी ठरलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. त्यानंतर मध्यममार्ग निघाला. जुन्या आवृत्त्यांना जास्तीची वर्षे सुरक्षा अद्यतने देण्याचे कंटाळवाणे काम ‘फ्रेक्सियन’ ही फ्रेंच कंपनी प्रायोजकांकडून पैसे घेऊन डेव्हलपरांना देते. नव्या आवृत्तीला एकूण पाच वर्षांचे पाठबळ मिळते, त्यातली शेवटची दोन या व्यवस्थेची.

स्वयंसेवकांच्या कामावर सुरक्षेचा भरवसा ठेवता येतो का?

या प्रश्नाला दोन घटनांशिवाय उत्तर नाही, आणि दोन्ही डेबियनशी निगडित आहेत.

पहिली २००८ ची. दोन वर्षांपूर्वी एका डेबियन मेंटेनरने ‘ओपनएसएसएल’ या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजमधील, तपासणी साधनाला खटकणाऱ्या ओळी निष्क्रिय केल्या होत्या. त्या ओळींपैकी एक नेमकी यादृच्छिकता पुरवणारी निघाली. परिणाम असा की त्या काळात डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या गुप्त किल्ल्यांचे एका विशिष्ट प्रकारात जास्तीत जास्त ३२,७६८ नमुनेच शक्य होते. घरगुती संगणकानेही ते सगळे सहज करून पाहावेत, इतके थोडे. कोड जगजाहीर होता, तरी २० महिने कुणाच्या लक्षात आले नाही. ‘उघडा कोड म्हणजे सुरक्षित कोड’ हे वाक्य त्यानंतर जपून वापरले जाऊ लागले.

दुसरी घटना मार्च २०२४ ची, आणि ती अधिक गंभीर. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते डेबियनच्या सिड शाखेवर दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरचा वेग मोजत होते. दूरवरून लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकले. खोदत गेल्यावर ‘एक्सझेड’ या फाइल आवळून लहान करणाऱ्या साध्या साधनात पेरलेले चोरदार सापडले. ते राहिले असते, तर असंख्य सर्व्हरांत परक्याला विनासायास शिरता आले असते. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले.

ते पेरले कसे, हे पाहण्यासारखे आहे. एक्सझेड हे साधन एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी २०२१ पासून त्याला मदत करू लागले. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्या एकट्या माणसामागे तगादा सुरू झाला : काम फार हळू चालते, दुसऱ्याला अधिकार द्या. मानसिक त्रास आहे, हा बिनपगारी छंद आहे, असे त्याने सांगूनही तगादा थांबला नाही. अखेर मदतनिसाला अधिकार मिळाले, आणि पुढे त्याच हातांनी चोरदार बसवले. जिया टॅन कोण, हे अद्याप उघड झालेले नाही. हल्ला संगणकावर होण्याआधी एका थकलेल्या माणसावर झाला.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीला याची झळ लागली नाही, आणि ती योगायोगाने टळली नाही. नवे पॅकेज आधी सिडमध्ये येते, काही दिवस तिथे गंभीर दोष न आढळल्यास चाचणी शाखेत जाते, आणि मग दोन-एक वर्षांनी स्थिर आवृत्तीत. दूषित एक्सझेड पहिल्या दोन पायऱ्यांवर पोहोचले होते, तिसऱ्या नाही. तरीही खबरदारी म्हणून एप्रिलमध्ये नियोजित असलेली १२.६ ही उपआवृत्ती पुढे ढकलून सर्व तपासणी करण्यात आली. ‘डेबियनमधली सॉफ्टवेअर नेहमी जुनी’ ही थट्टा पुष्कळदा होते. त्या खेपेला ते जुनेपणच कामी आले.

जुन्या संगणकांना नवी आवृत्ती चालेल?

इथे एक मेख आहे. ट्रिक्सी जुन्या ६४-बिट संगणकांवर चालते आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके डेस्कटॉप निवडले तर बरी चालते. पण शुद्ध ३२-बिट संगणकांसाठी आता ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल. अशा यंत्रांवर १२व्या आवृत्तीवरून १३वर जाऊच नका. शक्य तिथे ६४-बिट प्रणाली टाका, नाहीतर यंत्र निवृत्त करा, असे प्रकल्पाने स्पष्टच सांगितले आहे. ‘कोअर टू ड्युओ’ आणि नंतरच्या संगणकांना ही अडचण नाही. शाळांच्या प्रयोगशाळांत धूळ खात पडलेले त्याआधीचे डबे मात्र सुटले.

दुसरीकडे २०३८ ची तयारी पूर्ण झाली. युनिक्ससदृश प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांत ठेवला तर १९ जानेवारी २०३८ रोजी तो भांडे भरून सांडावे तसा उलटतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागते. ३२-बिट एआरएम चिप असलेली उपकरणे तोवर वापरात असतील, म्हणून तिथे वेळेचा आकडा ६४ बिटांचा करण्यासाठी ढीगभर पॅकेजेस नव्याने बांधावी लागली. वापरकर्त्याला यातले काही दिसत नाही. स्वयंसेवकाने स्वतःहून उचलावे असे हे आकर्षक काम नव्हे, तरी ते झाले.

महाराष्ट्रात विचार करताना अडचणी निराळ्या आहेत. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले. छापखाने आणि कार्यालयांतला जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकलेला. निविदांसाठीच्या डिजिटल सहीच्या कळीचे चालक लिनक्सवर चालतील याची खात्री आधी करून घ्यावी लागते. ब्राऊझर, पत्रव्यवहार, अभ्यास, व्हिडीओ एवढाच वापर असेल तर फारसे अडत नाही. पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून, हार्ड डिस्कला हात न लावता, आधी वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासून पाहणे शहाणपणाचे.

भारतात आणि मराठीत या उत्साहाचे काय?

दोन हजारच्या दशकात उबुंटूच्या मोफत सीडी टपालाने घरी येत. त्या काळातल्या कितीतरी विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख अशी झाली. पुण्यात लिनक्स वापरकर्त्यांचा गट आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतले ‘ग्नुनिफाय’ संमेलन यांनी महाविद्यालयीन मुलांना या वर्तुळात ओढले. केरळ त्याहून पुढे गेला, कारण तिथल्या सरकारी शाळांनीच मुक्त प्रणाली स्वीकारली. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ पहिल्यांदा भारतात भरली ती कोचीत, हा त्याचाच परिणाम मानायला हरकत नाही.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही आहे. पण भाषांतर एकदा करून संपत नाही. प्रत्येक आवृत्तीत नवी वाक्ये येतात, आणि भाषांतर फार अपुरे राहिले तर ती भाषा यादीतून वगळली जाऊ शकते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने उमटतात, ‘ऱ्य’ मोडून दिसतो, अशा तक्रारी चर्चेत पुष्कळ होतात. दोष-नोंदणीत त्या कुणीतरी नीट लिहून पोहोचवाव्या लागतात. प्रोग्रामिंग येत नसलेल्या माणसालाही हे करता येते, त्याला हवी फक्त चिकाटी.

पुढे काय?

पुढची आवृत्ती ‘फोर्की’, त्यापुढची ‘ड्यूक’. पण वाद आत्ताच उभे आहेत. ज्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रारूपाचा कोड मुक्त आहे, पण ते ज्या माहितीवर शिकले ती उपलब्ध नाही, त्याला मुक्त म्हणायचे का? २०२५ च्या पूर्वार्धात यावर मतदानाचा प्रस्ताव आला आणि पुरेसा विचार झालेला नाही म्हणून मागे घेतला गेला. दुसरा वाद ‘रस्ट’ या प्रोग्रामिंग भाषेचा. डेबियनमध्ये पॅकेज बसवणारे मुख्य साधन आहे ‘एपीटी’. मे २०२६ पासून त्याला रस्ट अनिवार्य होईल, असे त्याच्या मेंटेनरने ३१ ऑक्टोबर रोजी जाहीर केले. स्मृतीच्या गैरवापरातून होणाऱ्या सुरक्षा चुका या भाषेत मोठ्या प्रमाणात टळतात, हे त्यामागचे कारण. डेबियनच्या अधिकृत आवृत्त्यांना यामुळे धक्का लागत नाही. पण अल्फा, एचपीपीए, एम६८के, एसएच४ या जुन्या प्रोसेसरांसाठी काही हौशी मंडळी आजही अनधिकृतपणे डेबियन चालवत ठेवतात. त्यांना सहा महिन्यांत रस्टची सोय करा किंवा आवरते घ्या, असे सांगण्यात आले आहे. एम६८के म्हणजे एकेकाळच्या अमिगा आणि पहिल्या मॅकिंटॉशमधल्या प्रोसेसरांचे कूळ. ते सांभाळणाऱ्यांनी कामाला सुरुवातही केली आहे.